पेटीतली ‘रद्दी’ अमेरिकेच्या पोस्टाला किती पोसते?

प्रश्न असा आहे: “मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी आलो आहे. पेटीत रोज पाच-सहा कागद येतात, त्यातले बहुतेक जाहिरातींचे. पिझ्झा, दातांचा डॉक्टर, छप्पर दुरुस्ती, क्रेडिट कार्ड. मुलगा म्हणतो, ‘बाबा, या रद्दीवरच इथलं पोस्ट चालतं, नाहीतर केव्हाच बंद पडलं असतं.’ हे खरं का? सरकार पैसे देत नाही का? आणि आम्ही ही पत्रकं बंद करायला सांगितली तर पोस्टाचं नुकसान होईल का?”

काका, मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पण ज्या अर्ध्यात तो चुकतो, तिथेच खरी गंमत आहे. मी इथल्या एका मेलिंग हाउसमध्ये वीसेक वर्षं काम करते. तुमच्या पेटीत येणारी पत्रकं आमच्यासारख्याच कुणाच्या तरी शेडमधून निघतात. तेव्हा माझं मत अगदी निःपक्षपाती आहे असं समजू नका. आकडे मात्र पोस्टाच्या स्वतःच्या ताळेबंदातले आहेत.

आधी सरकारचं. १९७० च्या मार्चमध्ये इथल्या टपाल कर्मचाऱ्यांनी मोठा संप केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निक्सन यांनी टपाल पुनर्रचनेच्या कायद्यावर सही केली, आणि १ जुलै १९७१ पासून जुनं टपाल खातं जाऊन ‘युनायटेड स्टेट्स पोस्टल सर्व्हिस’ आली. कायद्याचा हेतू असा की पोस्टाने आपला खर्च तिकिटांतून आणि सेवांतून भागवावा. सुरुवातीची काही वर्षं सरकारी अनुदान मिळत राहिलं, ते कमी होत होत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला संपलं. आता अंधांसाठीचं मोफत टपाल आणि परदेशातल्या मतदारांच्या मतपत्रिका अशा किरकोळ गोष्टींसाठी थोडी रक्कम मिळते, बाकी रोजचा खर्च पोस्टाचा पोस्टाने बघायचा. तोटा झाला तर कर्ज काढायचं, देणी पुढे ढकलायची, दर वाढवायचे. म्हणजे पोस्टमनचा पगार करदात्याच्या खिशातून येत नाही, इथपर्यंत मुलाचं बरोबर.

आता रद्दीचा वाटा. पोस्टाच्या भाषेत या टपालाला ‘मार्केटिंग मेल’ म्हणतात. २०१७ पर्यंत हेच ‘स्टँडर्ड मेल’ होतं आणि त्याच्याही आधी, १९९६ पर्यंत, ‘थर्ड क्लास’. नाव दर वेळी जरा सुधारलं, माल तोच. २०२४ च्या आर्थिक वर्षात (इथलं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर) पोस्टाने साधारण ११२ अब्ज नग पोचवले. त्यातले ५७ अब्जांहून जास्त मार्केटिंग मेलचे, म्हणजे निम्म्याहून अधिक. एकूण उत्पन्न होतं साडेएकोणऐंशी अब्ज डॉलर, आणि त्यात मार्केटिंग मेलचे १५ अब्जांहून थोडे जास्त. म्हणजे पिशवीत निम्मी जागा, गल्ल्यात पाचव्या हिश्शापेक्षाही कमी. पत्रं, बिलं, बँकेची स्टेटमेंट असं ‘फर्स्ट क्लास’ टपाल ४४ अब्ज नग होतं, पण त्याने २५ अब्ज डॉलरच्या वर आणलं. पार्सलांनी त्याहून जास्त, ३२ अब्जांच्या आसपास.

भागाकार करून बघा. फर्स्ट क्लासच्या एका नगामागे पोस्टाला सत्तावन्न-अठ्ठावन्न सेंट मिळतात, जाहिरातीच्या एका नगामागे सत्तावीसच्या आसपास. आमच्या धंद्यात जुना ठोकताळा आहे: विजेच्या बिलाचं एक पाकीट बंद होऊन ईमेलवर गेलं, तर त्याने पोस्टाला जो हातभार लागत होता तेवढा भरून काढायला जाहिरातीची तीनेक पाकिटं लागतात. तेव्हा रद्दी पोस्टाला पोसते म्हणणाऱ्याने आधी हे लक्षात घ्यावं की वर्षानुवर्षं पोस्टाला खरं पोसलं ते बिलांनी आणि त्यांच्यासोबत परत जाणाऱ्या चेकांनी.

ती बिलं गेली. फर्स्ट क्लासचा उच्चांक २००१ चा, जवळजवळ १०४ अब्ज नग. आता त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. २००५ मध्ये पहिल्यांदा जाहिरातींचे नग पत्रांपेक्षा जास्त झाले, आणि तेव्हापासून ‘पोस्ट रद्दीवर चालतं’ ही म्हण रुजली. पण जाहिरातींचंही पुढे काही भलं झालं नाही. २००७ मध्ये त्या १०३ अब्जांवर होत्या. मग मंदी आली, बँकांनी क्रेडिट कार्डांची पाकिटं आवरली, दुकानं इंटरनेटवर गेली. ती संख्या परत कधी दिसली नाही.

मग स्वस्त असून, घसरत असूनही या टपालाला पोस्टात एवढा मान का? याचं उत्तर पोस्टमनच्या फेरीत आहे.

अमेरिकेत टपाल पोचवायचे पत्ते सुमारे सतरा कोटी आहेत आणि दर वर्षी त्यात दहा लाखांहून जास्त नव्या पत्त्यांची भर पडते. आठवड्यातले सहा दिवस त्या प्रत्येक रस्त्यावरून कुणीतरी जायचंच. तुमच्या दारासमोर ती पांढरी डबा-गाडी थांबते ना, भारतातल्यासारखं उजवीकडे स्टिअरिंग असलेली, तिचं पेट्रोल, तिच्या चालकाचा पगार, त्याचं पेन्शन, हे सगळं पेटीत एक कागद टाकला काय किंवा सहा टाकले काय, जवळपास तेवढंच. पोस्टाचा सुमारे तीन चतुर्थांश खर्च माणसांवर होतो, आणि त्यातला मोठा वाटा या दारोदारच्या फेरीचा. पोस्टाचे हिशेबनीस खर्चाचे दोन भाग पाडतात. एक, विशिष्ट प्रकारच्या टपालामुळेच झालेला खर्च. दुसरा, कुणाच्याच नावावर टाकता येत नाही असा सामाईक खर्च. प्रत्येक प्रकाराने आधी स्वतःचा खर्च भागवायचा आणि वर जे उरेल ते सामाईक खर्चाच्या भांड्यात टाकायचं. फेरीचा बराच खर्च त्या सामाईक भांड्यातून जातो.

आपल्या एसटीसारखं समजा. गाडी आटपाडीला जायची ती जाणारच. पूर्ण तिकीटवाले प्रवासी कमी झाले की अर्ध्या तिकिटावर बसलेल्यांवर डिझेलचा भार येतो. त्यांनी गाडी चालवली असं म्हणता येत नाही, पण ते उतरले तर फेरी परवडणार नाही हेही खरं. २००६ मध्ये इथे एकूण टपाल २१३ अब्ज नग होतं. सरासरी काढली तर एका पत्त्याला टपालाच्या दिवशी पाचच्या आसपास नग पडायचे. आता अडीचच्याही आत आले आहेत, आणि त्यात निम्मी रद्दी. ती काढून टाकली तर गाडी सव्वा नगासाठी तुमच्या दारापर्यंत येणार.

लोकांना राग येतो तो दराचा. तुम्ही साधं पत्र टाकायला तिकीट लावता ते जुलै २०२५ मध्ये ७८ सेंटचं झालं, आणि पिझ्झावाला मात्र पाव डॉलरच्या आसपास पैसे देऊन तुमच्या पेटीत घुसतो. हा अन्याय नाही का? तर तुमच्या पेटीतलं एक पत्रक हातात घ्या आणि वरचा उजवा कोपरा वाचा. तिथे तिकिटाऐवजी छापलेला चौकोन असतो: ‘पीआरएसआरटी एसटीडी, यू.एस. पोस्टेज पेड’, खाली परमिट नंबर. याला आम्ही ‘इंडिशिया’ म्हणतो. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘प्रीसॉर्ट’, म्हणजे पोस्टाकडे देण्याआधीच लावून दिलेलं टपाल. आता पत्त्याच्या वर बघा. तिथे ‘ईसीआरडब्ल्यूएसएस’ अशी न समजणारी अक्षरं असतील, आणि नावाच्या जागी ‘पोस्टल कस्टमर’ किंवा मुलाच्या नावाखाली ‘ऑर करंट रेसिडेंट’. या लांबलचक अक्षरांचा मतलब असा की हा गठ्ठा पोस्टमन ज्या क्रमाने घरं घेतो त्याच क्रमाने लावला आहे, आणि त्या फेरीतलं जवळपास प्रत्येक घर त्यात आहे.

म्हणजे काय झालं बघा. पत्ते आम्ही तपासले, बारकोड आम्ही छापला, झिप कोडप्रमाणे, मग फेरीप्रमाणे, मग दारांच्या क्रमाने गठ्ठे आम्ही बांधले, वर चिठ्ठ्या लावल्या, आणि असं बरंचसं टपाल ट्रकमध्ये भरून थेट तुमच्या गावाच्या पोस्ट ऑफिसच्या मागच्या दारात नेऊन उतरवलं. पोस्टाच्या मशीनने त्याला हातही लावला नाही. शहरातले पोस्टमन असा गठ्ठा वेगळा धरतात, पत्रांचा एक, मासिकांचा एक आणि हा तिसरा, आणि प्रत्येक दारात वरचा एक कागद सरकवत जातात. तुमच्या साध्या पत्राला मात्र पेटीतून उचलणं, शिक्का मारणं, पत्ता वाचणं, दोन-तीन केंद्रांतून फिरवणं, सगळं पोस्टाला करावं लागतं. शिवाय तुम्ही घर बदललंत तर ते पत्र नव्या पत्त्यावर जातं, पत्ता चुकला तर पाठवणाऱ्याकडे परत येतं. जाहिरातीचं पत्रक सापडलं नाही तर साधारणपणे तिथेच निकालात निघतं. आणि एखाद्या दिवशी पिशवी जड झाली तर पोस्टमन ते उद्यावर ठेवू शकतो, पत्राच्या बाबतीत तशी मुभा नाही. कमी दर म्हणजे मेहेरबानी, असा समज असेल तर तो काढून टाका. जेवढं काम तेवढा दर, असा हा हिशेब आहे. किमान नगसुद्धा ठरलेले आहेत, २०० नग किंवा ५० पौंड.

अर्थात सगळ्याच जाहिराती हा हिशेब पाळत नाहीत. पोस्टकार्ड आणि पाकिटाच्या आकाराचं टपाल आपला खर्च भागवून वर चांगलं देतं. दारोदार जाणारी ‘सॅच्युरेशन’ पत्रकं तर फारच चांगलं. पण मोठ्या आकाराचे कॅटलॉग, ज्यांना पोस्टात ‘फ्लॅट्स’ म्हणतात, ते वर्षानुवर्षं आपल्या खर्चाइतकंही उत्पन्न देत नाहीत. मशीनमध्ये अडकतात, हाताने लावावे लागतात. पोस्टाच्या दरांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक आयोगाने २०१० च्या सुमारास पोस्टाला यावरून खडसावलं होतं, आणि तरीही तो आतबट्ट्याचा व्यवहार पुढे चालूच राहिला, कारण कॅटलॉगवाले ओरडले की दर वाढवले तर आम्ही छापणंच बंद करू. त्यांची ती भीती खोटीही नव्हती. आता बऱ्याच कंपन्या कॅटलॉग उंच आणि अरुंद छापतात, आमच्याकडे त्याला ‘स्लिम जिम’ म्हणतात. आत पानं कॅटलॉगचीच, पण आकार पाकिटाच्या दरात बसणारा. पुढच्या वेळी स्वेटरांचा असा अरुंद कॅटलॉग आला तर तो टपालाच्या दरपत्रकाने कापलेला आहे असं समजा.

या व्यवहारातली आणखी एक मेख भारतातून आलेल्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. इथे पेटी तुमच्या मुलाने विकत आणली, त्याने खड्डा खणून उभी केली, पण तिच्या आत हात घालायचा हक्क पोस्टाचा. तिकीट न लावलेला कागद दुसऱ्याच्या टपालपेटीत टाकणं १९३४ पासून कायद्याने गुन्हा आहे, आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते योग्य ठरवलं. म्हणून हिरवळ कापणारे लोक आपली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत दोन खडे घालून अंगणात फेकतात, चिनी हॉटेलचा मेन्यू दाराच्या मुठीला लटकतो. पेटीत जायचं तर पोस्टाला पैसे द्यावेच लागतात. जाहिरातींचं उत्पन्न पोस्टाकडे येतं त्यामागे हे कुंपण आहे, आणि ते तुटलं तर तुमच्या मुलाचं विधान दुसऱ्या दिवशी खोटं ठरेल.

आपल्याच लोकांना याचा अनुभव येतो. एका मराठी मंडळाच्या उत्साही कार्यकर्त्यांनी गणपतीच्या वर्गणीची पत्रकं आसपासच्या घरांच्या पेट्यांत स्वतःच टाकली. दोन दिवसांनी स्थानिक पोस्टमास्तरांचा फोन आला: एवढ्या नगांचं टपाल भरा. मंडळाचे खजिनदार माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण तुमचा मुलगा कधीतरी कुठल्या मंडळाच्या कार्यकारिणीवर जाईलच. मंडळ शैक्षणिक किंवा धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर ३६२४ नंबरचा अर्ज भरून ना-नफा दराची परवानगी मिळते. तो दर कायद्यानेच असा बांधला आहे की ना-नफा संस्थांच्या टपालाचं सरासरी उत्पन्न व्यापारी टपालाच्या ६० टक्क्यांच्या आसपास राहावं. उरलेला भार त्या वर्गातले बाकीचे व्यापारी उचलतात. म्हणजे पिझ्झावाला नकळत तुमच्या दिवाळी कार्यक्रमाला थोडी वर्गणी देतो. फक्त पत्रकावर कुणा विमा एजंटाची जाहिरात टाकू नका, तिथे नियम कडक आहेत आणि नेमक्या त्याच जागी मंडळांचे अर्ज अडकतात.

रद्दीशिवाय पोस्टाचं काय होईल, याची एक झलक आम्ही पाहिली आहे. २०२० च्या वसंतात कोविडमुळे दुकानं बंद झाली. ज्या दुकानात कुणी येणारच नाही त्याची जाहिरात कोण पाठवणार? एप्रिल ते जून या तीन महिन्यांत मार्केटिंग मेल आदल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त घसरलं. आमच्या शेडमध्ये एरवी पाय ठेवायला जागा नसते, तिथे रिकामे ट्रे छतापर्यंत रचलेले होते. पोस्टमनची मात्र एकही फेरी कमी झाली नाही. त्या वर्षी पोस्ट तगलं ते पार्सलांमुळे, लोक घरात बसून सगळं मागवत होते. यातून मी एवढंच घेतलं की जाहिरातींचं उत्पन्न चांगलं असलं तरी भरवशाचं नाही. बिल महिन्याच्या महिन्याला येतं, जाहिरात दुकानदाराच्या मूडवर. मंदीत सगळ्यात आधी तीच कापली जाते.

उलट बाजूने दर दोन वर्षांनी दिवाळीही येते: निवडणुका. सम वर्षांच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उमेदवारांची गुळगुळीत, मोठाली कार्डं पेटीत भरभरून पडतात. तुम्ही नोव्हेंबरपर्यंत राहिलात आणि वर्ष तसं असलं तर पाहाल. त्या ट्रेंना पोस्टाचा लाल रंगाचा ५७ नंबरचा टॅग लावतात, राजकीय प्रचाराचं टपाल हे लगेच ओळखू यावं म्हणून. त्या दिवसांत आमच्याकडे तिन्ही पाळ्या चालतात. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पोचलेलं पत्रक कुणाच्या कामाचं?

आता दरांबद्दल, कारण माझ्या मते धोका तिथे आहे. २००६ च्या कायद्याने दरवाढीला महागाईचा लगाम घातला होता आणि त्याच कायद्याने निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्यखर्चाची तजवीज आधीच करायला लावली, वर्षाला साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास. पोस्टाच्या त्या काळातल्या तोट्याच्या बातम्यांत याचा मोठा वाटा होता; २०२२ मध्ये ती अट रद्द झाली. पण त्याआधी, २०२० च्या अखेरीस, नियामक आयोगाने दराचा लगाम सैल केला. नवा नियम असा की प्रत्येक पत्त्यामागे टपाल कमी झालं तर त्या प्रमाणात महागाईच्या वर जादा दरवाढ करता येईल. कागदावर तर्कशुद्ध आहे: फेरीचा खर्च तोच, नग कमी, मग नगामागे जास्त घ्या. त्यानंतर साधं तिकीट २०२१ च्या सुरुवातीच्या ५५ सेंटवरून साडेचार वर्षांत ७८ वर गेलं आणि आमच्या ग्राहकांचे दरही तसेच चढले. पण विजेच्या बिलवाल्याला पर्याय शोधायला वेळ लागतो, जाहिरातवाल्याला एक दुपार पुरते. दर वाढला की तो यादीतली खालची वीस टक्के नावं गाळतो, कॅटलॉग चारऐवजी दोनदा पाठवतो. नग आणखी कमी होतात. म्हणजे पुढच्या दरवाढीला पुन्हा परवानगी! २०२४ मध्ये मार्केटिंग मेलचं उत्पन्न थोडं वाढलं आणि नग थोडे घटले, हे या चक्रातलं गोड वाटणारं वळण आहे. त्याच वर्षी पोस्टाचा तोटा साडेनऊ अब्ज डॉलरचा होता.

भारताशी तुलना तुम्ही मनात केली असेलच. आपल्याकडे रद्दी टपालातून येत नाही, वर्तमानपत्रातून येते. क्लासेसची, साडी सेलची, नव्या गृहप्रकल्पाची पत्रकं पेपरवाला पहाटे अंकात सरकवतो, नगामागे काही पैसे घेतो, आणि आपण चहा पिताना ती मांडीवर सांडतात. इथे जो पैसा पोस्टाला मिळतो तो पुण्या-मुंबईत पेपर एजंटाला मिळतो. भारतीय डाक विभागानेही हात मारून पाहिला: २००२ मध्ये ‘मेघदूत’ पोस्टकार्ड काढलं, पत्त्याच्या बाजूला जाहिरात, आणि म्हणून किंमत साध्या कार्डाच्या निम्मी, २५ पैसे. पत्ता न लिहिलेली पत्रकं वाटण्याची ‘डायरेक्ट पोस्ट’ सेवाही आहे. पण तिथे पेटीभोवती कुंपण नाही, कुणीही सोसायटीच्या पेट्यांत काहीही टाकून जातो, त्यामुळे पोस्टाला पैसे देण्याचं कारणच उरत नाही. दीड लाखांवर पोस्ट ऑफिसं चालतात ती सरकारी तिजोरीवर आणि अल्पबचतीच्या कामासाठी अर्थ खात्याकडून मिळणाऱ्या मोबदल्यावर.

युरोपातही कुंपणाचा हाच मुद्दा. ॲमस्टरडॅमने २०१८ पासून नियम उलटा केला: पेटीवर ‘हो, पाहिजे’ असं स्टिकर असेल तरच पत्ता नसलेली पत्रकं टाकायची. पण तिकडे पत्रकं वाटण्याची मक्तेदारी पोस्टाकडे नव्हतीच, खासगी कंपन्या वाटत होत्या. तो नियम इथे आणून काय होईल याचा अंदाज तिकडच्या अनुभवावरून बांधू नये.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: बंद करायला सांगितलं तर पोस्टाचं नुकसान होईल का? तुमच्या एका घराने काही फरक पडत नाही, आणि याला भावनिक नाही, तांत्रिक कारण आहे. सॅच्युरेशनचा दर मिळायला त्या फेरीतली किमान ९० टक्के राहती घरं किंवा एकूण चालू पत्त्यांपैकी किमान ७५ टक्के घ्यावे लागतात. म्हणजे शंभरातल्या नऊ घरांनी नको म्हटलं तरी पाठवणाऱ्याचा दर टिकतो आणि पोस्टाकडे येणारा धंदाही टिकतो. उलट नको असलेल्या घरी पत्रक न पाठवणं पाठवणाऱ्यालाच परवडतं, कागद आणि छपाई वाचते. आमच्या यादीत अशा ‘नको’ पत्त्यांची वेगळी फाइल असते आणि ती आम्ही कुरकुर न करता पाळतो.

फक्त सांगायचं कुणाला हे नीट समजून घ्या. पोस्टमनला सांगून उपयोग नाही. पैसे भरलेलं टपाल तो गाळू शकत नाही, गाळलं तर त्याची नोकरी धोक्यात. पेटीवर ‘नो जंक मेल’ची चिठ्ठी लावूनही काही होत नाही; कॅनडात तिला मान आहे, इथे नाही. कूपनांच्या पुडक्यावर कुठेतरी बारीक अक्षरात पाठवणाऱ्या कंपनीचं नाव असतं, तिच्या वेबसाइटवर पत्ता काढून टाकायची सोय असते. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, कारण पुढच्या खेपांच्या याद्या आधीच तयार झालेल्या असतात. नावानिशी येणाऱ्या कॅटलॉगांसाठी जाहिरातदारांच्या संघटनेची ‘डीएमएचॉइस’ ही नोंदणी आहे, तिला थोडी फी पडते.

क्रेडिट कार्डांची ‘तुम्ही आधीच मंजूर आहात’ वाली पाकिटं मात्र आजच बंद करून टाका. लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांच्या, म्हणजे क्रेडिट ब्यूरोंच्या, याद्यांतून ती निघतात आणि त्या यादीतून पाच वर्षांसाठी किंवा कायमचं नाव काढण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. ‘ऑप्टआउटप्रीस्क्रीन’ नावाच्या त्यांच्या साइटवर मुलाने स्वतः पाच मिनिटांत करायचं काम आहे. पेटीतून ते पाकीट चोरून दुसऱ्याने त्याच्या नावाने कार्ड काढणं, हा धोका पोस्टाच्या ताळेबंदापेक्षा तुमच्या घराला जास्त जवळचा आहे.

आणि एखादा पाठवणारा ऐकतच नसेल तर शेवटचं हत्यार १५०० नंबरचा अर्ज. हा मुळात अश्लील जाहिरातींसाठी होता, पण १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपल्या पेटीत आलेला कागद आक्षेपार्ह आहे की नाही हे ठरवायचा अधिकार पूर्णपणे टपाल घेणाऱ्याचा, पोस्टाने त्यावर वाद घालायचा नाही. तेव्हा चादरींच्या कॅटलॉगबद्दल किंवा गटार साफ करणाऱ्याच्या कूपनबद्दलही हा अर्ज भरता येतो. अर्ज पोस्ट ऑफिसात मिळतो, सोबत ते पत्रक पाकिटासकट जोडावं लागतं, म्हणून पाकीट फाडून टाकू नका. आणि ज्याच्या नावाने टपाल येतं त्यानेच अर्जावर सही करायची, म्हणजे तुम्ही नाही, मुलाने.